युल आणि ख्रिसमस एकाच गल्लीत: काय, कधी, किती? (ब्रिटनवाल्यांसाठी)

ब्रिस्टलकर
नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीतल्या रहिवाशांनी यंदा हिवाळ्याचे सण एकत्र करायचं ठरवलंय. साठेक माणसं, त्यात वीस-बावीस मुलं. तीन घरं पॅगन, म्हणजे युरोपातली जुनी निसर्गपूजा नव्याने पाळणारी (दोन 'विका' पंथाची, एक 'ड्रुइड' पंथाचं), बरीचशी अँग्लिकन आणि कॅथलिक, चार देशी आणि उरलेली 'आम्ही काहीच मानत नाही, पण मिन्स पाय (सुक्या मेव्याचं सारण भरलेले छोटे गोड पाय) सोडत नाही' या पंथातली. हॉल चर्चचा, मागे छोटं आवार. कोणत्या दिवशी काय ठेवावं, मुलांकडून काय बनवून घ्यावं, आगीचं आणि परवान्यांचं काय, आणि शाकाहारी लोकांची गोची कुठे होते, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं. प्रमाणांसकट सांगितलंत तर दुवा देईन.

निळा_पारवा
आधी तारखा मार्गी लावा, बाकीचं आपोआप लागतं.

युल म्हणजे सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोचून परत फिरतो तो दिवस. 2026 साली हा क्षण 21 डिसेंबरला रात्री 8:50 ला आहे, 2027 ला 22 डिसेंबरच्या पहाटे 2:42 ला (दोन्ही ब्रिटिश वेळा). म्हणून दर वर्षी डोळे झाकून 21 लिहू नका, पंचांग बघा. लंडनला त्या दिवशी सूर्य सकाळी 8:04 च्या सुमारास उगवतो आणि दुपारी 3:53 ला मावळतो. तुमच्याकडे ब्रिस्टलला मावळायला जेमतेम चार वाजतात. संध्याकाळी सातचा कार्यक्रम ठेवलात तर मावळता सूर्य हुकला आणि छोटी पोरं पेंगुळली. साडेतीनला जमा, सहाला घरी.

ख्रिस्ती बाजूने लक्षात ठेवायचं ते हे की चर्चच्या हिशेबात 24 च्या संध्याकाळपर्यंत अॅडव्हेंट चालू असतो. तो वाट बघण्याचा काळ. खरा ख्रिसमस 25 ला सुरू होऊन बारा दिवस चालतो आणि 6 जानेवारीला एपिफनी येते. दुकानांचा ख्रिसमस नोव्हेंबरात सुरू होऊन 26 ला संपतो, त्याच्या नादाला लागू नका. त्यामुळे वाटणी सोपी आहे: 21 ला पॅगन घरं यजमान, बाकीचे पाहुणे, ख्रिश्चिंगल (संत्र्यात मेणबत्ती खोचून मुलांनी करायची प्रार्थना) आणि कॅरोल म्हणजे ख्रिसमसची गाणी चर्चवाले ठरवतील त्या दिवशी, तेव्हा पॅगन पाहुणे, आणि 6 किंवा 17 जानेवारीला वॅसेल (सफरचंदाच्या झाडाला जागवायचा सोहळा, त्यातल्या गरम पेयाचंही हेच नाव), तो सगळ्यांचा.

दोन्ही विधी कालवून एकच 'सर्वधर्मी' विधी मात्र करू नका. पॅगन वर्तुळात चार दिशांना आवाहन असतं, देवदेवतांची नावं असतात. ख्रिस्ती प्रार्थना येशूच्या नावाने संपते. दोन्हींतलं नेमकं तेवढं काढून उरतं ते शाळेच्या स्नेहसंमेलनातलं निवेदन. पाहुणा म्हणून बाजूला उभं राहायला कुणाला कमीपणा वाटत नाही. न पटणारं तोंडाने म्हणायला लावलं की वाटतो.

आणि हो, हॉल चर्चचा असेल तर तिथे पॅगन विधी चालेल का हे पॅरिशच्या समितीला लेखी विचारा. प्रत्यक्ष चर्चमध्ये बहुधा नाहीच म्हणतील. विधी आवारात किंवा बागेत, जेवण हॉलमध्ये, हा तोडगा सहसा पचतो.

खडूस_आजोबा
एवढी चर्चा कशाला? ख्रिसमस म्हणजे मुळात पॅगनांचाच ढापलेला सण. झाड त्यांचं, ओंडका त्यांचा, तारीखसुद्धा सूर्यदेवाची. सरळ युल म्हणा आणि मोकळे व्हा.

निळा_पारवा
आजोबा, अर्धं खरं, अर्धं व्हॉट्सअॅप :)

25 डिसेंबरला रोममध्ये ख्रिस्तजन्म साजरा झाल्याची सर्वांत जुनी नोंद 336 सालची धरतात. ती ज्या 354 च्या पंचांगात आहे, त्याच पंचांगात 25 डिसेंबरसमोर अजिंक्य सूर्याचा जन्मदिनही आहे. कुणी कुणाची तारीख घेतली यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. रोमनांचा हिवाळी सण सॅटर्नालिया 17 डिसेंबरला सुरू व्हायचा, 25 ला नाही. सजवलेल्या झाडाची एक प्रसिद्ध जुनी नोंद स्ट्रासबुर्गची, 1605 ची, म्हणजे चांगल्या ख्रिस्ती घरांतली. अॅडव्हेंटचं मेणबत्त्यांचं चक्र तर 1839 साली हॅम्बुर्गच्या विखर्न नावाच्या पाद्र्याने अनाथाश्रमातल्या मुलांसाठी गाडीच्या चाकावर सुरू केलं. उलट आजचे पॅगन जे आठ सणांचं वर्षचक्र पाळतात ते या रूपात 1950 च्या दशकात ब्रिटनमध्येच जमलं.

युल हा शब्द आणि सण मात्र खरोखर जुना, उत्तर युरोपातला. नॉर्वेचा राजा हाकोन याने दहाव्या शतकात युल ख्रिसमसच्या वेळी पाळायचा कायदा केला आणि प्रत्येक घराने ठरावीक मापाची बिअर गाळलीच पाहिजे असंही घातलं, असं सागांत, म्हणजे तिकडच्या जुन्या राजकथांत आहे. म्हणजे दोन्ही सण एकत्र करण्याचा पहिला सरकारी ठराव हजार वर्षांपूर्वीचा, आणि त्यात मुख्य कलम पिण्याचं.

मुळावरून भांडायचं असेल तर मिन्स पाय संपल्यावर भांडावं, आधी नाही.

सांजवात
अवांतर, पण उत्तरायण 21 ला आणि आपली संक्रांत 14 जानेवारीला, हे कसं?

निळा_पारवा
आपली संक्रांत ताऱ्यांवरून मोजतात, अयनबिंदूवरून (सूर्य परत फिरतो त्या बिंदूवरून) नाही. अयनबिंदू साधारण 72 वर्षांत एक अंश सरकतो. आज फरक 24 अंशांच्या आसपास गेलाय, म्हणून तीन आठवड्यांहून जास्त दिवसांचा फरक. सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकत्र होते. युलला शुभेच्छा देताना 'उत्तरायण लागलं' म्हणालात तर आकाशाच्या दृष्टीने बरोबरच.

कामटी
मुलांसाठी कंदिलांची मिरवणूक. ब्रायटनला 1990 च्या दशकात 'बर्निंग द क्लॉक्स' सुरू झालं ते 21 डिसेंबरचंच: लोक विलोच्या काड्यांचे कागदी कंदील घेऊन चालतात आणि शेवटी समुद्रकिनारी जाळतात. धर्म कुठलाच नाही, म्हणून सगळ्यांना चालतं. आणि दिवाळीचा आकाशकंदील ज्याने घरी केलाय त्याला ही विद्या नव्याने शिकायला नको.

एका कंदिलाला: विलोच्या काड्या 8 (चार 40 सेंमीच्या तळासाठी, चार 60 सेंमीच्या उभ्या), एक कामटी हातात धरायला, मास्किंग टेप, पांढरा टिश्यू, पीव्हीए गोंद. काड्या तास-दोन तास पाण्यात भिजवा, नाहीतर वाकवताना टचकन मोडतात. तळाचा चौकोन आधी, मग उभ्या काड्या वर एकत्र बांधून पिरॅमिड. सांध्यांना टेप आडवी-तिरपी, दोन्हीकडून. नुसती गोल गुंडाळली तर सांधा फिरतो आणि सांगाडा लुळा पडतो.

कागद हा खरा घात करतो. भेटवस्तूंचा साधा टिश्यू गोंद लागताच फाटतो. 'वेट स्ट्रेंथ' टिश्यू मागवा, तो ओला झाला तरी टिकतो. गोंद आणि पाणी निम्मेनिम. कागद टेबलावर पसरून स्पंजने दोन्ही बाजूंना गोंद लावा आणि मग सांगाड्यावर चढवा, कडा काड्यांवर गुंडाळून एकमेकांवर चार-पाच सेंमी येऊ द्या. ओला असताना ढिला, सुरकुतलेला दिसेल. तसाच राहू द्या, वाळताना तो ढोलकीसारखा ताणला जातो. मुलं नेमकी याच वेळी ओढून सरळ करायला जातात आणि भोक पडतं. एका बाजूला हाताएवढी खिडकी ठेवा, दिवा आत घालायला. वाळायला पूर्ण रात्र लागते, म्हणजे कार्यशाळा 20 ला, 21 ला नाही.

आत बॅटरीचा एलईडी. खरी मेणबत्ती नको, वीस मुलं आणि वीस ज्योती हे गणित कुठल्याच विमावाल्याला पटत नाही. आपला घोटीव किंवा जिलेटीन कागद इथे वापरू नका. घोटीव कागद ब्रिस्टलच्या रिमझिमीत दहा मिनिटांत लगदा होतो, जिलेटीन ओघळत नाही पण टेप सोडतं. शेवटी जाळायचे असतील तर दिवे, बॅटऱ्या, तार सगळं आधी काढून घ्या, त्यासाठी एका मोठ्या माणसाला टोपली घेऊन उभं करा.

मोहरी
कामटी, वाचनखूण साठवली! काड्या मिळतात कुठे?

कामटी
टोपल्या विणणाऱ्यांना सामान पुरवणारी दुकानं आहेत, सॉमरसेटमध्ये तर विलोची शेतीच आहे. 'बफ' किंवा 'व्हाइट' मागा, म्हणजे सोललेल्या. सालासकट काडी भिजायला कित्येक दिवस लागतात.

चुलखंड
आग आणि ओंडका माझ्याकडे.

जुना युलचा ओंडका म्हणजे चुलाण्यात बारा दिवस धुमसणारं ओकचं किंवा अॅशचं खोड. आज बहुतेक शहरी घरांत ते शक्य नाही. शहरांतला बराच भाग धूर-नियंत्रण क्षेत्रात येतो, तिथे उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड जाळता येत नाही, मान्यताप्राप्त स्टोव्हच लागतो. बागेतल्या शेकोटीला तो नियम नाही, पण शेजाऱ्याला धुराचा त्रास झाला तर तक्रार होऊ शकते. इंग्लंडमध्ये 2 घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकलं जाणारं लाकूड 20 टक्के किंवा त्याहून कमी ओलाव्याचं हवं, पिशवीवर 'रेडी टू बर्न' बघून घ्या. ओलं लाकूड जळत नाही, उकळतं: टोकाला फेस येतो, धूर निघतो आणि ऊब शून्य.

सगळ्या घरांना जमेल असा प्रकार म्हणजे मेणबत्त्यांचा ओंडका. बर्च किंवा ओकचा तुकडा, 35 सेंमी लांब, 10 ते 12 सेंमी जाड, किमान वर्षभर वाळलेला. ताजा घेतलात तर हीटिंग चालू असलेल्या खोलीत आठवड्यात तडकतो आणि तडा बरोबर भोकातून जातो. तळ सपाट तासा, टेबलावर डुगडुगला नाही पाहिजे. वर तीन भोकं, 8 सेंमी अंतराने, 25 मिमी खोल. जेवणाच्या टेबलावरच्या मेणबत्त्या साधारण 22 मिमीच्या असतात, पण आधी मेणबत्ती विकत घ्या, मोजा, मग ड्रिलचं बिट निवडा. उलट केलंत की मेणबत्ती चाकूने सोलत बसाल. भोकात पत्र्याची वाटी बसवा, आणि मेणबत्ती 5 सेंमी उरली की विझवा. ही वाटी आणि हे 5 सेंमी विसरल्यामुळेच ओंडके पेटतात. हिरवा पाला ज्योतीपासून वीतभर दूर ठेवा. होली आणि आयव्ही पहिल्या दिवशी ओले असतात, पंधराव्या दिवशी नुसतं सरपण.

पाल्याबद्दल आणखी एक. मिसलटो आणि होली दोन्हींची फळं विषारी आहेत. लहान मुलं आणि कुत्री असतील तर मिसलटो उंच टांगा आणि फळं गळायला लागली की फेकून द्या. यू नावाच्या झाडाचा पाला आणूच नका, चर्चच्या आवारात हमखास असतो, दिसतो सुरेख, पण पानं आणि बी प्राणघातक. सुवासासाठी रोझमेरी, तमालपत्रासारखं बे आणि पाइन पुरे.

निळा_पारवा
चुलखंड यांच्यात भर: 21 च्या विधीला फार काही लागत नाही. वर्तुळात उभं राहायचं, पूर्वेपासून सूर्याच्या दिशेने (आपल्या प्रदक्षिणेच्याच दिशेने) चार दिशांना वंदन, मग सगळे दिवे बंद, दोन मिनिटं शांतता, आणि मधल्या एका ज्योतीवरून सगळ्यांच्या मेणबत्त्या. पंधरा-वीस मिनिटांत आटोपा, थंडीत त्यापुढे कुणाचं लक्ष राहत नाही. ज्योत पुढे देताना पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची, न पेटलेली तिरपी करून तिच्याकडे न्यायची. पेटलेली तिरपी केली की गरम मेण शेजाऱ्याच्या हातावर. कॅरोलच्या वेळीही हेच. एकच शिंग किंवा पेला सगळ्यांत फिरवण्याऐवजी छोटे कागदी पेले द्या.

आणि 21 ला चर्चकडेही सांगण्यासारखं आहे. अँग्लिकनांच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात हा संत थॉमसचा दिवस, तोच थॉमस ज्याची समाधी मैलापूरला मानतात. कॅथलिकांनी 1969 च्या बदलात तो 3 जुलैला नेला. शिवाय बरीच चर्चेस या सुमारास 'सर्वांत लांब रात्री'ची प्रार्थना ठेवतात, ज्यांच्या घरात त्या वर्षी कुणी गेलंय त्यांच्यासाठी. गल्लीत असं घर असेल तर मिरवणुकीच्या गोंगाटाआधी या प्रार्थनेची वेळ जरूर विचारून घ्या.

वसईकरीण
ख्रिश्चिंगल मी सांगते. सुरुवात जर्मनीत मारियनबॉर्नला, 1747 साली, मोरावियन चर्चमध्ये. इंग्लंडात 1968 पासून चिल्ड्रन्स सोसायटीने पसरवलं. संत्रं म्हणजे जग, लाल फीत म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, चार काड्यांवरचा खाऊ म्हणजे पृथ्वीची फळं आणि चार ऋतू, मेणबत्ती म्हणजे ख्रिस्त, जगाचा प्रकाश. अॅडव्हेंटपासून 2 फेब्रुवारीच्या कँडलमसपर्यंत कधीही करतात, त्यामुळे तारखेची ओढाताण नाही.

कृती: मध्यम, घट्ट सालीचं संत्रं. क्लेमेंटाइन नको, त्याची साल सुटी असते आणि मेणबत्ती झुलते. लाल फीत मध्यावर गुंडाळून टाचणीने टोचा, ओल्या सालीला टेप चिकटत नाही. वर सुरीने छोटी फुली कापा, 7 ते 8 सेंमीचा अॅल्युमिनियम फॉइलचा चौकोन त्यावर ठेवा आणि मेणबत्ती फॉइलसकट आत दाबा. फॉइल मेण झेलतं आणि मेणबत्ती घट्ट धरतं, दोन्ही कामं. भोक मोठं केलंत तर रस वर येऊन मेणबत्ती कलंडते. काड्या शेवटी, चार बाजूंना तिरप्या वर. छोट्या मुलांना काडीची टोचरी टोकं खाऊने झाकूनच द्या.

पेटवल्यावर मुलं एका ओळीत, हातभर अंतराने, आणि लांब केस बांधून टोपी किंवा कॉलरच्या आत. पुढच्या मुलाचे केस पेटणे हा ख्रिश्चिंगलचा नेहमीचा अपघात. कित्येक चर्चेस आता मेणबत्तीऐवजी ग्लोस्टिक लावतात. दिसायला मेळ्यातलं दिसतं, पण सहा वर्षांखालच्यांना तेच द्यावं.

खाऊ: जेली आणि मार्शमेलोत बहुधा जिलेटिन असतं, डुकराचं किंवा गायीचं. हिंदू, मुस्लिम आणि शाकाहारी तिघांचीही अडचण. शेंगदाणे-काजू अॅलर्जीमुळे बाद. मनुका, सुकं जर्दाळू, चेरी लावा, प्रश्न मिटला.

मोहरी
मग खाण्याचं मी घेते, कारण शाकाहाऱ्यांची पहिली फसगत मिन्स पायमध्येच होते. आत मांस नसतं, पण जुन्या पद्धतीच्या मिन्समीटमध्ये आणि ख्रिसमस पुडिंगमध्ये सुएट असतं, म्हणजे गायीची चरबी. दुकानच्या डब्यावर 'शाकाहारी' दिसल्याशिवाय ठेवू नका.

घरी, साधारण 30 छोट्या पायसाठी: ब्रॅमली सफरचंद 250 ग्रॅम किसून, मनुका-बेदाणे-करंट मिळून 400 ग्रॅम, ब्राउन शुगर 150 ग्रॅम, लोणी 75 ग्रॅम, एका संत्र्याची आणि एका लिंबाची साल आणि रस, मिक्स्ड स्पाइस 2 चमचे, ब्रँडी किंवा सफरचंदाचा रस 50 मिली. मंद आचेवर सफरचंद विरघळेपर्यंत, 15-20 मिनिटं. लोणी असल्यामुळे फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. साच्यात पारी, दीड चमचा सारण, वर झाकण, चीर, 200 अंशांवर 18-20 मिनिटं. करंजी भरताना जो मोह होतो तोच इथे होतो: सारण जास्त भरलं की साखर उतू जाऊन पाय साच्याला असा चिकटतो की खरवडून काढावा लागतो.

वॅसेलचं पेय, 20 छोट्या पेल्यांना: सायडर (सफरचंदाची दारू) किंवा गढूळ सफरचंदरस 2 लिटर, ब्राउन शुगर 100 ग्रॅम, दालचिनीचा एक तुकडा, 6 लवंगा, अर्धं जायफळ किसून, आल्याच्या चार चकत्या. 6 छोटी सफरचंदं पोटातून कोरून 180 अंशांवर 35-40 मिनिटं भाजा आणि पातेल्यात सोडा. उकळी आणू नका, वाफ दिसली की आच मंद. उकळलं की अल्कोहोल उडतं आणि लवंग कडू होते. लवंगा आपल्या सवयीने मूठभर घालू नका, हा मसालेभात नाही. मुलांचं पातेलं वेगळं, वेगळ्या टेबलावर, मोठी चिठ्ठी लावून.

ब्रिस्टलकर
सायडर ठेवलं तर परवाना लागतो का?

चुलखंड
फुकट वाटलंत आणि तिकीटही नसेल तर नाही. पेल्याला पैसे घेतले, किंवा तिकिटात पेला धरला, की ती विक्री. मग कौन्सिलकडे तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस, फी 21 पाउंड, 499 माणसांपर्यंत. किमान दहा कामाचे दिवस आधी, आणि त्यात नोटीस दिल्याचा आणि कार्यक्रमाचा दिवस धरत नाहीत. म्हणजे 21 डिसेंबरसाठी नोव्हेंबरअखेर पाठवून मोकळे व्हा. हे इंग्लंड-वेल्सपुरतं, स्कॉटलंडचे नियम वेगळे.

सांजवात
17 जानेवारीच का पण?

निळा_पारवा
1752 मध्ये ब्रिटनने कॅलेंडर बदललं तेव्हा अकरा दिवस गाळले. जुन्या हिशेबाने बारावी रात्र मोजणारे सॉमरसेटचे शेतकरी 17 जानेवारीलाच अडून बसले. कारहॅम्प्टनला अजून त्याच रात्री करतात. सफरचंदाच्या झाडाभोवती जमायचं, मुळाशी सायडर ओतायचं, सायडरमध्ये बुडवलेला टोस्ट फांद्यांत ठेवायचा रॉबिन पक्ष्यांसाठी, आणि झाडाला जाग यावी म्हणून जोरदार गोंगाट. तिकडे बंदुका उडवतात, गल्लीत थाळ्या आणि पातेल्यांची झाकणं चालतील. कुणाच्या परसात एखादं सफरचंदाचं झाड असेलच.

मोहरी
संक्रांत तीनच दिवस आधी. त्या वॅसेलला तिळगूळ न्यायला हरकत काय?

वसईकरीण
काहीच नाही, फक्त तीळ इथल्या 14 सक्तीच्या अॅलर्जींच्या यादीत आहेत. ताटलीवर 'तीळ' आणि शेंगदाणा असेल तर तोही ठळक लिहा, आणि ताटली पायपासून वेगळी ठेवा, तीळ सगळीकडे सांडतात.

ग्लूटेन न चालणाऱ्यांसाठी गोव्याचा दोदोल न्या, त्यात मैदाही नाही, दूधही नाही. तांदळाचं पीठ 250 ग्रॅम, नारळाचं दाट दूध 1 लिटर, काळा गोव्याचा गूळ 750 ग्रॅम, मीठ चिमूटभर. तास-सव्वा तास न थांबता ढवळायचं, कडेने तेल सुटेपर्यंत. डब्यातलं दूध घेताना मागचं वाचा, स्टॅबिलायझर घातलेल्या दुधाला तेल नीट सुटत नाही आणि दोदोल चिकट राहतो. फक्त नारळ आणि पाणी असलेलं घ्या. गोवेकर स्विंडनला भरपूर, तुमच्यापासून तासाभरावर. गूळ तिथे विचारा.

ब्रिस्टलकर
सगळ्यांना दुवा! शेवटचा प्रश्न: खरा ओंडका आवारात जाळला तर उरलेल्याचं काय करायचं? पॅगन शेजारी म्हणतात टाकायचा नसतो.

चुलखंड
बरोबर म्हणतात. एक तुकडा पुढच्या वर्षीचा ओंडका पेटवायला ठेवतात. पण आधी पाण्याने पूर्ण विझवा, रात्रभर पत्र्याच्या बादलीत बाहेर ठेवा, आतला निखारा कोळशाखाली बारा तासही जिवंत राहतो. पूर्ण गार आणि कोरडा झाल्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून शेडमध्ये, त्यावर तारीख घालून. जबाबदारी एका घराची ठरवा आणि गटाच्या यादीत नाव लिहा, नाहीतर मार्चमध्ये शेड साफ करताना कुणीतरी तो रीसायकलिंगला देऊन मोकळं होतं.